मानदुखीआड दडलेली चीर

पक्षाघात म्हणजे उतारवयातला, रक्तदाब आणि मधुमेहाच्या मागून येणारा आजार, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. म्हणून चाळिशीतला, कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस अचानक एका बाजूने लुळा पडला की घरचे चक्रावतात. अशा रुग्णांत एक कारण वारंवार सापडते. मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडलेली असते. डॉक्टर याला डिसेक्शन म्हणतात. सगळ्या वयांतल्या पक्षाघातांत त्याचा वाटा जेमतेम २ टक्के आहे, पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत तो १० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ओल्मस्टेड काउंटीमधल्या नोंदींनुसार दरवर्षी लाखात सुमारे २.६ जणांत हा आजार आढळतो. हा आकडा निदान झालेल्यांचा आहे. ज्यांची मान दुखली आणि दुखणे आपोआप थांबले, ते यात कुठेच नाहीत. चीर पडणे आणि पक्षाघात होणे यांत अनेकदा काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर असते. ही संधी साधायची तर तपासणीच्या आधी कुणाच्या तरी मनात शंका यावी लागते. यंत्र चांगले असूनही निदान हुकते, ते याच ठिकाणी.

मेंदूला रक्त पोचवणाऱ्या धमन्या चार. पुढच्या दोन कॅरोटिड, मागच्या दोन व्हर्टेब्रल. अस्तर फाटले की रक्त धमनीच्या भिंतीत शिरते आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा पापुद्रा सुटावा तसे थर एकमेकांपासून सुटतात. साचलेले रक्त आतल्या बाजूला फुगले तर वाट अरुंद होते, बाहेरच्या बाजूला फुगले तर शेजारच्या नसा दाबल्या जातात. पण मेंदूचे बहुतेक नुकसान करतात त्या फाटलेल्या जागी धरणाऱ्या गुठळ्या. त्यांचा तुकडा सुटून वर जातो आणि एखादी बारीक वाहिनी बंद करतो. कारण कधी अपघाताचे असते, कधी जोरदार खोकला, उलट्या किंवा मानेला बसलेला हिसका एवढे किरकोळ असते. काहींच्या धमनीची भिंत जन्मतःच कमकुवत असते. मायग्रेनचा त्रास असणाऱ्यांत आणि नुकताच जंतुसंसर्ग होऊन गेलेल्यांत हा आजार जरा जास्त दिसतो. कित्येकदा मात्र कारण सापडतच नाही.

शंका यावी कशावरून? सगळ्यात आधी दुखण्याच्या नवेपणावरून. मानेच्या किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला, डोळ्याभोवती किंवा डोक्याच्या मागे, पूर्वी कधी न झालेल्या प्रकारचे दुखणे. ज्याला वर्षानुवर्षे मायग्रेन आहे तोही बहुधा सांगतो, की हे नेहमीचे नाही. हे वाक्य केसपेपरवर जसेच्या तसे उतरले पाहिजे. दुसरी खूण डोळ्यात असते. कॅरोटिडच्या भिंतीवरून जाणारे मज्जातंतू दाबले गेले की त्याच बाजूची पापणी किंचित उतरते आणि बाहुली लहान राहते. पापणीचा फरक एक-दोन मिलिमीटरचा असल्याने तो जागरणाच्या खाती जमा होतो. बाहुलीचे तर आणखी अवघड. दवाखान्यातल्या लख्ख उजेडात दोन्ही बाहुल्या बारीक होतात आणि फरक झाकला जातो. दिवा मंद केला की निरोगी बाहुली मोठी होते, दुसरी तशीच राहते. एवढी साधी तपासणी, पण ती करायला अर्धा मिनिट आणि मनात शंका हवी. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज ही आणखी एक खूण. मागच्या धमनीत चीर असेल तर मानेच्या मागच्या दुखण्यासोबत चक्कर, तोल जाणे, गिळताना ठसका लागणे किंवा अर्धा चेहरा बधिर होणे अशी लक्षणे येतात.

आपल्याकडे मान दुखली की बहुधा एक्स-रे निघतो. त्यात धमनी दिसत नाही, मणक्यांची झीज मात्र चाळिशीनंतर पुष्कळांत दिसते. ‘स्पॉन्डिलोसिस’ हा शब्द हाती आला की शोध थांबतो. खरे नसलेले उत्तर मिळणे हे उत्तर न मिळण्यापेक्षा घातक आहे, असे मला ठामपणे वाटते. डोक्याचा साधा सीटी स्कॅन मेंदू दाखवतो, आणि गुठळी अजून वर गेलेली नसेल तर तो नॉर्मल येणारच. मानेच्या डॉप्लरमध्ये कॅरोटिडचा दुभागणारा भाग नीट दिसतो, पण चीर बहुधा त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, कवटीच्या तळाकडे असते. म्हणून लागते ती सीटी अँजिओग्राफी, किंवा धमन्यांचा एमआरआय. एमआरआयमध्ये भोवतालच्या चरबीची चकाकी दाबून टाकली की भिंतीत साचलेले रक्त चंद्रकोरीसारखे उजळ दिसते. पहिल्या एक-दोन दिवसांत ही कोर उमटलेली नसण्याची शक्यता असते. चिठ्ठीवर नुसते ‘मानेचा एमआरआय’ लिहिले तर मणक्यांचे फोटो येतात.

मान तर निम्म्या गावाची दुखते, मग सगळ्यांची अँजिओग्राफी करायची का? अजिबात नाही. रंगद्रव्याचा, किरणांचा आणि खर्चाचा भार विनाकारण टाकणे योग्य नाही. शिवाय जास्त तपासण्यांनी चुकीची निदानेही वाढतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या कॅडिस चाचणीत डिसेक्शन म्हणून दाखल केलेल्या २५० पैकी ५२ रुग्णांचे निदान तज्ज्ञांच्या फेरतपासणीत पक्के ठरले नाही. दुखण्याचा नवेपणा आणि त्याच्या जोडीला डोळ्याची, कानाची, तोलाची एखादी खूण, ही चाळणी लावली तर तपासायचे रुग्ण थोडेच उरतात. दुसरा आक्षेप न्हाव्याकडे किंवा मालिशवाल्याकडे मान मोडून घेण्याबद्दलचा. त्यानेच चीर पडते असे सरसकट म्हणता येत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या ऑन्टारिओच्या अभ्यासात पंचेचाळिशीच्या आतल्यांत मागच्या धमनीच्या पक्षाघाताआधी कायरोप्रॅक्टरकडच्या, म्हणजे हाताने मान-मणके बसवून देणाऱ्यांकडच्या भेटी जशा वाढलेल्या दिसल्या, तशाच नेहमीच्या डॉक्टरकडच्याही. म्हणजे अनेक जण चीर पडल्यानंतरच, मान दुखते म्हणून तिथे गेले असावेत. तरीही झटका देऊन मान मोडणे मला निषिद्धच वाटते, कारण आधीच फाटलेल्या धमनीला तो झटका महाग पडू शकतो.

निदान झाले तरी उपचार तेच, असेही म्हटले जाते. कॅडिसमध्ये ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे यांत ठळक फरक दिसला नाही. २५० जणांत तीन महिन्यांत एकूण ४ पक्षाघात झाले. २०२१ च्या ट्रीट-कॅड चाचणीला ॲस्पिरिन रक्त पातळ करणाऱ्या औषधांइतकेच चांगले असल्याचे सिद्ध करता आले नाही. वाद आहे तो या दोन औषधांत. काहीच न देता नुसते वेदनाशामक देऊन घरी पाठवावे, असे कोणीही म्हणत नाही, आणि निदान हुकलेल्या रुग्णाच्या वाट्याला नेमके तेच येते. पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. पक्षाघात झालाच, तर साडेचार तासांत द्यायच्या गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला मानेतली चीर आड येत नाही. चीर कवटीच्या आत असेल तर हिशोब बदलतो. तिथे धमनीचे बाहेरचे आवरण पातळ असते, ती फुटून मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो, आणि तसा तो झाला असेल तर रक्त पातळ करणारे औषध जिवावर बेतते. म्हणून औषध ठरवण्याआधी चीर नेमकी कुठे आहे, हे कळावे लागते.