स्तनातील गाठ : स्पर्शपरीक्षा आणि सुईची साक्ष

स्तनात गाठ लागली की स्त्रीच्या मनात पहिली शंका कर्करोगाची येते. तरीही खुटबावसारख्या गावातून ती वैद्याकडे येते ती बहुधा उशिरा, जावेला किंवा नणंदेला सोबत घेऊन. आणि म्हणते, ‘दुखत नव्हती, म्हणून आले नाही.’ अशा वेळी केवळ आपल्या बोटांवर किती विसंबावे, हा प्रश्न आम्हा ग्रामीण वैद्यांपुढे नित्य उभा राहतो.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात ग्रंथी व अर्बुद एकाच अध्यायात वर्णिले आहेत. गोल, स्थिर, मंद वेदनेची, खोल मुळाची, सावकाश वाढणारी व न पिकणारी मांसवृद्धी म्हणजे अर्बुद. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेने पुष्कळ गाठींचा अंदाज येतो. तरुण स्त्रीच्या स्तनातील, बोटाखालून निसटणारी गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमाची असते.

परंतु काही दुर्मिळ सौम्य अर्बुदे स्पर्शाला चकवतात. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर हे त्यांपैकी एक. मज्जातंतूंच्या आवरणातील श्वान पेशींपासून उद्भवणारे हे अर्बुद बहुतांशी सौम्य असूनही हाताला कठीण लागते, क्वचित त्वचा आत ओढते. मॅमोग्राफीतही ते कर्करोगासारखेच दिसू शकते. सुईने काढलेल्या पेशींत मात्र कणमय पेशीद्रव्य व लहान, एकसारखी केंद्रके आढळतात. एस-१०० या प्रथिनाच्या तपासणीने निदानास पुष्टी मिळते. अशा रुग्णेचा स्तन वाचतो. गाठ तेवढी पूर्ण काढणे सहसा पुरेसे ठरते.

ही एफएनएसी तपासणी न्यूयॉर्क येथे मार्टिन व एलिस यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यापासून रूढ होत गेली. २२ ते २५ गेजची बारीक सुई, सिरिंज व काचपट्ट्या एवढेच तिचे साहित्य. भूल सहसा लागत नाही. ‘सुई टोचली की गाठ चिघळते’ ही भीती गावोगावी आहे. बारीक सुईच्या मार्गाने रोग पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत, हे रुग्णेस शांतपणे समजावून सांगावे.

सुईलाही मर्यादा आहेत. झपाट्याने वाढणारा फायलॉइड्स ट्यूमर पेशींवरून फायब्रोअ‍ॅडिनोमासारखा भासू शकतो. अ‍ॅडिनोमायोएपिथेलिओमा सौम्य असूनही कर्करोगाचा संशय निर्माण करतो. म्हणून स्पर्शपरीक्षा, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि पेशीपरीक्षण या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. तो न बसल्यास जाड सुईची बायोप्सी किंवा गाठ काढून ऊतिपरीक्षण करावेच लागते.

म्हणून स्पर्शपरीक्षेचे मोल उणे होत नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित सेविकांनी नियमित हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. गाठ हाताने सापडते. तिचे स्वरूप पेशी सांगतात.

वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती एवढीच की, निदानापूर्वी महिनोन्‌महिने कांचनार गुग्गुळ देत राहू नये. खुटबाव स्थानकावरून रेल्वेने पुणे फार दूर नाही. रुग्णेस स्वतः चिठ्ठी लिहून द्यावी, तपासणीचा अहवाल मागवून पाहावा आणि मगच चिकित्सा ठरवावी. गाठ सौम्य निघाली तर तिची भीती जाईल. न निघाली तर तिचे मोलाचे महिने वाचतील.