‘धंदेवाईक’ आणि ‘व्यावसायिक’ : गोल्फपटू उदयन माने यांच्या निमित्ताने

खेळावर उपजीविका करणाऱ्यास मराठीत पूर्वी ‘धंदेवाईक खेळाडू’ म्हणत. त्या शब्दात किंचित हेटाळणी होती, तर ‘हौशी’ या शब्दास निर्लोभतेचे तेज होते. आज ‘धंदेवाईक’ मागे पडून ‘व्यावसायिक’ रूढ झाला आहे. हा केवळ शब्दाचा बदल नव्हे, तर दृष्टीचाही आहे. महाराष्ट्राचे गोल्फपटू उदयन माने यांच्या कारकीर्दीवरून तो स्पष्ट करता येईल.

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या विद्यार्थ्यांस हा खेळ फारसा परिचित नाही. म्हणून त्याची रीत प्रथम सांगणे इष्ट होय. चेंडू क्रमाने अठरा छिद्रांत घालावयाचा असतो आणि ज्यास सर्वांत कमी फटके लागतात तो विजयी. निपुण खेळाडूस लागावेत अशा फटक्यांच्या संख्येस ‘पार’ म्हणतात. व्यावसायिक स्पर्धा बहुधा चार दिवस चालते. दोन दिवसांनंतर मागे पडलेले खेळाडू गळतात. त्या गाळणीचे नाव ‘कट’. गळालेल्यास सामान्यतः बक्षिसाची रक्कम मिळत नाही. प्रवासाचा व निवासाचा खर्च मात्र झालेलाच असतो.

माने यांचा जन्म 1991 चा. 2014 साली इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ते हौशी खेळाडू म्हणून भारतातर्फे खेळले आणि 2015 मध्ये व्यावसायिक झाले. प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाच्या स्पर्धांत त्यांनी दहांहून अधिक विजेतेपदे मिळविली. 2019 च्या अखेरीस जमशेदपूर येथे आणि 2020 च्या आरंभी हैदराबाद येथे मिळविलेले विजय त्यांपैकीच होत.

ऑलिंपिकमध्ये या खेळाचा इतिहास खंडित आहे. 1904 साली सेंट लुइस येथे कॅनडाचे जॉर्ज लायन सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. ते विमाव्यवसायातले, वय 46, आणि गोल्फपुरते सर्वस्वी हौशी. त्यानंतर गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतला तो थेट 2016 मध्ये. तेव्हा मैदान व्यावसायिकांचे झाले होते.

2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकसाठी जागतिक क्रमवारीवरून साठ जागा भरावयाच्या होत्या. प्रथम माने त्या यादीत नव्हते. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतल्यावर ऐनवेळी त्यांना स्थान मिळाले. पहिल्या दिवशी 71 पार असता त्यांना 76 फटके लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी 69 फटक्यांत फेरी पुरी केली. अखेर त्यांचा क्रमांक 56 वा लागला.

पदकाच्या हिशेबात हा क्रमांक नगण्य ठरेल. परंतु 76 नंतरचे 69 आपल्या विवेचनात मोलाचे आहेत. हौस ओसरली तर हौशी खेळाडू घरी परतू शकतो. व्यावसायिकास मात्र कालचे अपयश मागे ठेवून आज पुन्हा पहिल्या फटक्यापासून आरंभ करावा लागतो. ‘धंदेवाईक’ या शब्दाची नजर मिळकतीवर होती. ‘व्यावसायिक’ या शब्दाने ती या नित्य निष्ठेकडे वळविली आहे.