दमायच्या आधी थांबायचं

पहाटे 5:30. जाग आली तरी लगेच उठत नाही. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर उशाशीच असतं, त्यावर आधी नाडी बघतो. पडल्या पडल्या 72 असली तर दिवसभर 87 च्या आत राहायचं, म्हणजे पंधरा ठोक्यांची मुभा. सकाळीच 80 दिसली, तर काल-परवा कुठंतरी जास्त झालंय.

7:30. पुतण्या मोटारसायकलवरून कारखान्यात सोडतो. कबनुरात पूर्वी मी माग चालवायचो. बारा तासांची पाळी, सगळी उभ्यानं. कांडी संपली की धोटा बदलायचा, तार तुटली की सांधायची, या मागावरून त्या मागावर. 2021 च्या उन्हाळ्यात कोरोना झाला. ताप उतरला, ताकद मात्र परतली नाही. म्हणून आता वहिफणी करतो. बीमच्या पलीकडून अण्णा एकेक तार देतात, मी ती हुकानं वहीतून आणि मग फणीतून ओढून घेतो. काम नजरेचं आहे, पण बसून होतं.

8:15. मोबाईलचा गजर झाला की हुक खाली. अजून दमलेलो नसतो, आणि थांबायची वेळ नेमकी हीच. अण्णांना हे पटत नाही. "आरं, जरा चालत जा, घाम गाळ. बसून अंग जड हुतंय." साध्या तापानंतर हा सल्ला बरोबर ठरतो. मला तो महागात पडला, कारण कोरोनानंतर राहिलेल्या या थकव्याच्या आजारात त्रास त्याच दिवशी दिसत नाही. श्रमानंतर 12 ते 48 तासांनी अंग मोडून येतं, घसा धरतो, डोकं चालत नाही, तारांचा क्रम चुकतो. त्यात आठवडासुद्धा जातो. रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल.

असे रुग्ण लागोपाठ दोन दिवस सायकलवर तपासले, तर दुसऱ्या दिवशी त्यांची क्षमता घसरलेली दिसते. निरोगी माणसाची साधारण तेवढीच राहते. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी कोरोनानंतर थकवा राहिलेल्यांच्या स्नायूंचे तुकडे व्यायामाच्या आधी आणि नंतर तपासले. त्यांचा अभ्यास 2024 मध्ये आला. व्यायामानंतर स्नायूंची इजा वाढलेली होती. टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवण्याचा उपचार ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेनं दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ऑक्टोबर 2021 मध्येच मागे घेतला. आपल्याकडे अजून "फिरायला जा" हेच ऐकू येतं. डॉक्टरांनी एवढं तरी विचारावं: काम केल्यावर दुसऱ्या दिवशी कसं वाटतं?

1:00. भाकरी खाऊन सुताच्या पोत्यांवर आडवा. मागांच्या खडखडाटात झोप लागत नाही, पण पाठ टेकली की नाडी उतरते.

4:00. सगळ्यात अवघड वेळ, कारण आता बरं वाटत असतं. मालकांना आणखी एक बीम रात्रीपर्यंत हवा असतो. मजुरी बीमवर, विश्रांतीला कोण पैसे देणार? घरात पोरीच्या फीचा विषय चालू आहे. तरी नाही म्हणतो. आजारी माणसाला अर्ध्या दिवसाचं बैठं काम मिळालं, तर तो कामात टिकतो. ही सोय एखाद्या मालकाच्या चांगुलपणावर राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

रात्री 8:30. आज पायऱ्या जास्त झाल्या, नाडी दोनदा 100 च्या वर गेली. अण्णांना फोन केला, "उद्या अर्धाच बीम धरतो."

"मग ऱ्हायलेला माझा पोरगा धरंल. तू दहाला ये."