पिंग, बॉट आणि नक्कल : पबजीवाल्यांच्या तीन तक्रारींची शहानिशा

मे महिन्यातली अकोल्याची दुपार. बहिणीच्या घरी माझा भाचा खाटेवर पालथा पडून फोनवर शंभर जणांच्या लढाईचा खेळ खेळत होता. फोनला चार्जर लावलेला, मागे जाड रबरी कव्हर. शेवटचे सहा जण उरले आणि नेमका तेव्हाच पडदा अडखळला. दोन सेकंदांनी चित्र हललं, तोवर त्याचा खेळाडू आडवा झाला होता. "मामा, यांचा सर्व्हरच भंगार आहे," तो वैतागून म्हणाला. "गेम मेलाय आता. नुसते बॉट भरतात. आणि तसाही सगळा चोरलेलाच आहे."

हे तिन्ही आरोप मी पबजीबद्दल वर्षानुवर्षं ऐकतो आहे. मुलांचा राग खरा असतो. आठवडाभर खपून वर नेलेली रँक एका अडखळण्यात खाली येते, तो त्रास कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण निदान बहुतेक वेळा चुकलेलं असतं. मग पोरगं घरच्यांकडे नवा फोन मागतं, नेटचा महागडा प्लॅन घ्यायला लावतं, नाहीतर आवडता खेळ सोडून देतं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

"सर्व्हर भंगार आहे"

मी त्याचा फोन हातात घेतला. पाठ तव्यासारखी तापली होती. पुढच्या मॅचमध्ये तसंच अडखळलं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातला पिंग मी मुद्दाम पाहिला. ३८. आकडा जागचा हलला नव्हता. सर्व्हरचं उत्तर वेळेवर येत होतं, फोनचीच चित्रं काढताना दमछाक होत होती.

'लॅग' या एका शब्दात आपण तीन वेगवेगळे आजार कोंबतो. एक, फ्रेम पडणं. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्र तयार करायला फोनला १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो, आणि ६० ची २५-३० वर येतात. दुसरा आजार पिंग वाढण्याचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जास्त वेळ लागण्याचा. तिसरा पॅकेट लॉस : निघालेली माहिती वाटेतच हरवते आणि पात्र पुढे जाऊन पुन्हा मागे खेचलं जातं. पिंग स्थिर असून चित्र अडखळत असेल तर दोष बहुधा हातातल्या यंत्रात शोधावा. पात्र मागे खेचलं जात असेल किंवा पिंगचा आकडा लाल होत असेल तर नेटमध्ये. आम्ही कव्हर काढलं, चार्जर काढला, ग्राफिक्स सर्वांत खालच्या पायरीवर आणले आणि कूलरच्या झोतात बसलो. पुढची मॅच शेवटपर्यंत न अडखळता चालली. नेट तेच, सर्व्हर तोच.

"घरात शंभर एमबीपीएसचं फायबर आहे, तरी पिंग वाढतो"

नळाची धार मोठी असणं वेगळं आणि टाकीतलं पाणी नळापर्यंत पोचायला लागणारा वेळ वेगळा. एमबीपीएस म्हणजे धार. खेळाला धार फारशी लागतच नाही. सिनेमा पाहण्याच्या मानाने त्याचा डेटा किरकोळ असतो. त्याला लागतो तो वेळेवर पोचणारा थेंब.

या वेळेला निसर्गाने एक मर्यादा घातलेली आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन ७,८००, म्हणजे ३९ मिलिसेकंद. वर्सोव्याच्या किनाऱ्याशी येणाऱ्या समुद्राखालच्या केबल काही सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत यंत्रांचे थांबे असतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून मोठाच येतो. सर्व्हर सिंगापुरात असेल तर मुंबईतल्या कुठल्याही प्लॅनने पिंग ३९ च्या खाली येणार नाही. म्हणून एमबीपीएस विचारण्याआधी सर्व्हर कुठे आहे हे विचारायला हवं.

दुसरं कारण घरातच असतं. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच मिळतात : १, ६ आणि ११. पुण्या-ठाण्यातल्या एका सोसायटीत तीस-चाळीस राउटर हे तीन चॅनल वाटून घेतात, आणि बोलायला प्रत्येकाला आपली पाळी यावी लागते. त्यात घरातल्या कुणी लग्नाच्या फोटोंचा बॅकअप वर चढवायला लावला की अपलोडची वाट तुंबते आणि ४० चा पिंग ३०० वर जातो. राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवून त्याच खोलीत बसलात तर फरक लगेच जाणवेल. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर सरळ केबल लावा.

"भिंतीआड गेलो होतो, तरी मेलो. समोरचा हॅकर आहे"

ही तक्रार सर्वांत कडवट, आणि तिच्यामागचं कारण मला सर्वांत रंजक वाटतं.

तुम्ही धावत भिंतीआड शिरता. तुमच्या पडद्यावर तुम्ही सुखरूप आहात. पण ही बातमी सर्व्हरला पोचून तिथून समोरच्याच्या फोनवर जायला एक दशांश सेकंद सहज लागतो. पात्र सेकंदाला सहा मीटर धावतं असं धरा. तेवढ्या वेळात ते ६० सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत संपूर्ण माणूस. समोरच्याला तुम्ही अजून भिंतीच्या अलीकडे, उघड्यावर दिसत आहात. तो नेम धरतो, गोळी झाडतो, आणि त्याच्या पडद्यावर ती बरोबर लागते.

आता खरं कुणाचं धरायचं? बहुतेक नेमबाजीचे खेळ गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी काय दिसत होतं ते प्रमाण मानतात. तसं केलं नाही तर प्रत्येकाला धावणाऱ्या माणसाच्या किती पुढे नेम धरायचा हे आपल्या पिंगनुसार हिशेब करून ठरवावं लागेल, आणि तो खेळ कुणालाच खेळवणार नाही. भिंतीआडून डोकावणाऱ्याला याच कारणाने दबा धरून बसलेल्यापेक्षा किंचित फायदा मिळतो. हॅकर असतात, पुष्कळ असतात, पण 'भिंतीआड मेलो' एवढा पुरावा त्यासाठी पुरेसा नाही. त्याच माणसाने तीन वेळा धुरातून डोक्यातच गोळी मारली, तर मात्र रिपोर्ट जरूर करा.

आणि सगळा दोष खेळणाऱ्याच्या माथी मारणंही चूक. कॉम्प्युटरवरचा पबजी खरोखरच खूप अडखळायचा. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने स्वतःहून 'फिक्स पबजी' नावाची मोहीम जाहीर केली, दुरुस्त्यांची यादी उघड मांडली आणि पुढचे तीन महिने त्यावर घालवले. लाखो खेळाडूंनी आरडाओरड केली नसती तर हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

"गेम मेला"

जानेवारी २०१८ मध्ये स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर, एकाच वेळी ३२ लाखांहून अधिक लोक पबजी खेळत होते. हा स्टीमवरचा विक्रम आहे. पुढे आकडा उतरला, तेव्हापासून दरवर्षी या खेळाची मयत उठवली जाते. प्रत्यक्षात २०२४-२५ मध्येही दिवसातल्या गर्दीच्या वेळी तिथे पाच लाखांपेक्षा जास्त लोक एकाच वेळी खेळताना दिसत होते. शिखराशी तुलना केली तर कुठलाही खेळ मेलेलाच दिसेल. शिवाय स्टीम मोजतं फक्त कॉम्प्युटरवाले. मोबाइलवरच्या बीजीएमआय या भारतीय पबजीचा एकही खेळाडू त्या आकड्यात नसतो.

उलट बाजूने फुगवणारेही आहेत. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयचे नोंदणीकृत खेळाडू दहा कोटींवर गेल्याचं त्याच्या कंपनीने, क्राफ्टनने, जाहीर केलं. नोंदणीकृत म्हणजे ज्याने कधीतरी खातं उघडलं तो. आज रात्री नऊ वाजता तुमच्याबरोबर विमानातून उडी मारायला किती जण आहेत, हे त्यातून कळत नाही.

खेळ खरंच मरतो तेव्हा कसा दिसतो, तेही पाहा. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला. स्टीमवर त्याचे एकाच वेळचे खेळाडू सातशेच्या वर कधी गेले नाहीत. दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबरला, तो बंद झाला आणि लोकांना पैसे परत मिळाले.

"माणसं नाहीत म्हणून बॉट भरतात"

अर्धं खरं. एक साधा हिशेब मांडू या. आकडे समजण्यापुरते आहेत. एखाद्या विभागात आत्ता १०,००० जण खेळत आहेत आणि प्रत्येक जण सरासरी २० मिनिटं मॅचमध्ये असतो. म्हणजे मिनिटाला ५०० जण मोकळे होऊन पुन्हा रांगेत येतात. मॅप चार असतील तर एकेकाच्या वाट्याला १२५. सोलो, ड्युओ, स्क्वॉड असे तीन भाग केले की साधारण ४२. त्यात पात्राच्या पाठीमागून पाहायचं की त्याच्या डोळ्यांतून, ही निवड दिली की उरले २१. शंभर जणांची मॅच भरायला पाच मिनिटं गेली. अजून रँकनुसार वाटणी केलेलीच नाही.

दहा हजार माणसं असूनही रांग लांबते ती अशी. मग खेळ चालवणाऱ्यांपुढे वाटा मोजक्याच उरतात : मॅप कमी करा, रँकचं बंधन सैल करा किंवा रिकाम्या जागा बॉटने, म्हणजे प्रोग्रामने चालवलेल्या खोट्या खेळाडूंनी, भरा. गर्दीच्या खेळातही खालच्या रँकला बॉट असतात, ते आणखी वेगळ्या कारणासाठी. कॉम्प्युटरवरच्या पबजीत बॉट आले २०२० मध्ये. तोवर जुने खेळाडू इतके तरबेज झाले होते की नवख्याला पहिल्या मिनिटातच गारद व्हावं लागे. आखाड्यात पहिल्या दिवशी कुणी पोराला हिंदकेसरीसमोर उभं करत नाही. माझी तक्रार फक्त एकच आहे. समोर बॉट आहे की माणूस, हे मॅच संपल्यावर तरी स्पष्ट सांगावं. खेळाडूचा तो हक्क आहे.

"सगळा चोरलेला आहे"

जपानी लेखक कौशुन ताकामी यांची 'बॅटल रॉयाल' ही कादंबरी १९९९ ची. किंजी फुकासाकू यांनी त्यावर २००० साली सिनेमा काढला. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांनी त्यातून कल्पना घेऊन 'आर्मा' या चेक कंपनीच्या लढाईच्या खेळावर फावल्या वेळात एक मॉड, म्हणजे मूळ खेळाचं बदललेलं रूप, रचलं. ते गाजलं, कोरियाच्या ब्लूहोल कंपनीने त्यांना बोलावून घेतलं आणि मार्च २०१७ मध्ये पबजी स्टीमवर आला. तो चालतो एपिक कंपनीच्या अनरियल इंजिनावर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एपिकनेच 'फोर्टनाइट'मध्ये शंभर जणांची लढाई आणली. पबजीच्या कंपनीने एपिकवर कोरियात दावा लावला आणि जून २०१८ मध्ये तो मागे घेतला. त्याच वर्षी नेटईझ या चिनी कंपनीवरही तिने अमेरिकेत खटला भरला होता. त्यात तव्याने गोळी अडवण्याचाही उल्लेख होता. तो २०१९ मध्ये तडजोडीने मिटला.

या साखळीत कल्पनेवर मालकी कुणाची? कुणाचीच नाही, आणि आपल्या कायद्याला हे कधीचंच मान्य आहे. आर. जी. आनंद यांनी आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा १९५६ चा सिनेमा उचलल्याचा दावा केला होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर, आविष्कारावर. आपल्या तमाशात गण, गवळण, बतावणी, वग हा साचा सगळ्या फडांचा एकच. वग ज्याचा त्याचा. शंभर जण, आकसत जाणारा झोन, शेवटी उरेल तो विजेता, हा साचा झाला. नकाशा, बंदुकीचा धक्का, आवाज, पात्रं हा वग. तो जसाच्या तसा उचलला तर मात्र ती चोरीच.

पेटंटची गोष्ट निराळी. 'पालवर्ल्ड' या खेळाने पोकेमॉनचे प्राणी उचलले असा जगभर गलका झाला, पण पोकेमॉनवाल्या निन्तेंदोने सप्टेंबर २०२४ मध्ये टोकियोत खटला भरला तो पेटंटचा, चित्रांच्या कॉपीराइटचा नव्हे.

भारतात यात आणखी दोन समजांची भर पडली. बीजीएमआय हा इथे नव्याने बनलेला खेळ आहे, हा पहिला. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेला. २ जुलै २०२१ ला आलेला बीजीएमआय ही त्याचीच भारतीय आवृत्ती आहे. दुसरा समज, 'फौजी' हा खेळ म्हणजे पबजीची देशी नक्कल. बंदीनंतर दोनच दिवसांत घोषणा झाली म्हणून लोकांनी तसं धरलं. २६ जानेवारी २०२१ ला तो आला तेव्हा त्यात गलवानची मोहीम होती, शंभर जणांची लढाई नव्हतीच.

ती लढाई आणली पुण्याच्या सुपरगेमिंगने. त्यांचा 'इंडस' १६ ऑक्टोबर २०२४ ला बाजारात आला. साचा ओळखीचाच आहे, पण जिंकायची आणखी एक वाट त्यांनी काढली आहे : शेवटाकडे प्रकटणारं कॉस्मियम ताब्यात घ्यायचं आणि राखायचं. त्याला नक्कल म्हणण्याआधी एक मॅच त्या कॉस्मियमपर्यंत खेळून बघा.