नोकरीला अनुभव हवा, पण अनुभव द्यायचा कोणी?

आपली मुले शिकतात, चांगले गुण मिळवतात, पण पहिल्याच अर्जावर प्रश्न येतो, "अनुभव किती?" 2024 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये 16 ते 24 वयोगटातील साडेनऊ लाखांहून अधिक तरुण ना शिक्षणात होते, ना नोकरीत, ना प्रशिक्षणात.

हे कोडे एकट्या कंपनीला सुटणारे नाही. म्हणून 2013 मध्ये अनेक मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन 'मूव्हमेंट टू वर्क' सुरू केले : अशा तरुणांना काही आठवडे प्रत्यक्ष काम आणि सोबत प्रशिक्षण. 2020 मध्ये सुरू झालेल्या टी-लेव्हल अभ्यासक्रमातही निदान 315 तासांचे प्रत्यक्ष काम सक्तीचे आहे. म्हणजे कॉलेजांनाही मालक हवेच आहेत.

आपल्यातही दुकानदार, दंतवैद्य, अकाउंटंट आहेत. प्रत्येकाने वर्षातून एका तरुणाला पंधरवडाभर शिकायला घेतले तर? मात्र त्याला फुकटचा गडी समजू नये. नुसते पाहून शिकणाऱ्याला पगार देणे बंधनकारक नाही. पण शाळेचे वय उलटलेल्याला नोकरासारखे राबवले, तर किमान वेतन द्यावेच लागते.

आणि निरोप देताना चार ओळींचे शिफारसपत्र जरूर द्यावे. पुढच्या अर्जावर "अनुभव किती?" याचे उत्तर त्यातच असेल. मूल आपले असो वा शेजाऱ्याचे, सुरुवात आपल्याच दारापासून करू या.