तुटण्यासाठीच केलेलं सील

जागतिक शांततेवर लिहा, असा संपादकांचा निरोप आला. सुरक्षा परिषद, नकाराधिकार, निळ्या शिरस्त्राणांची फौज असं वाचत गेलो आणि अडकलो ते नाण्यासारख्या दिसणाऱ्या धातूच्या एका सीलपाशी.

हे सील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं. संस्था १९५७ची, कचेरी व्हिएन्नात, २००५ साली शांततेचं नोबेल. एवढा इतिहास पुरे. विजेसाठी म्हणून घेतलेलं युरेनियम बॉम्बकडे वळत नाही ना, हे तिचे निरीक्षक पाहतात. आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या त्यांच्या देखरेखीखाली आहेत. शेजारच्या तीन आणि चार नंबरच्या नाहीत. आवार एकच!

सील म्हणजे एकमेकींत घट्ट बसणाऱ्या दोन वाट्या. आतल्या बाजूला आधीच ओरखडे काढलेले असतात आणि त्यांचा फोटो व्हिएन्नात ठेवलेला असतो. निरीक्षक साठ्याच्या झाकणातून तार ओवतो, तिची टोकं सीलच्या पोटात अडकवतो आणि वाट्या दाबून बंद करतो. पुढच्या खेपेला तो जुनं सील काढून नवं लावतो. जुनं व्हिएन्नाला जातं, तिथे ते उघडून ओरखडे फोटोशी ताडून पाहतात. कुणी नकली सील बसवायचं म्हटलं, तर आत काय खरवडलंय हे त्याला बाहेरून दिसणार कसं? आता जागच्या जागी तपासता येतील अशी नवी सीलंही आली आहेत, पण माझा जीव या जुन्यावरच जडला.

तार मात्र पक्कडीने तुटते. विजेच्या मीटरचं सील चोराला अडवत नाही, तसंच हेही. चोरी झाली तर ती लपू नये, एवढंच त्याचं काम. आणि उघड्यावर, सांगून-सवरून तोडलं तर? जानेवारी २००६मध्ये इराणने नतान्झच्या अणुकेंद्राची सीलं निरीक्षकांच्या देखतच काढली. उत्तर कोरियाने डिसेंबर २००२मध्ये योंगब्योनच्या अणुकेंद्राची सीलं तोडली, कॅमेरे निकामी केले आणि निरीक्षकांना देशाबाहेर घालवलं.

निरीक्षकाकडे ना पोलीस, ना वॉरंट. तो अहवाल देतो. अहवाल संस्थेच्या ३५ देशांच्या संचालक मंडळापुढे जातो. मंडळ फार तर सुरक्षा परिषदेकडे बोट दाखवतं आणि तिथे नकाराधिकार असलेल्या पाचांपैकी एकाने नकारार्थी मान हलवली की कारवाई अडते. उत्तर कोरियाचं प्रकरण मंडळाने फेब्रुवारी २००३मध्ये परिषदेकडे धाडलं. कडक निर्बंधांचा ठराव झाला १४ ऑक्टोबर २००६ला. त्याआधी पाच दिवस, ९ तारखेला, उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी उरकली होती.