भगव्याच्या वंशात कुंडीतलं डाळिंब

डाळिंबाच्या संकराचं काम फूल उमलण्याआधीच सुरू होतं. पहिली गोष्ट कळी पारखण्याची. बुडाशी भरदार, घटासारखी असेल ती बागायतदारांच्या बोलीत मादी कळी. खाली निमुळती, घंटेसारखी असेल ती नर. मादी कळीतही पुंकेसर असतातच, आणि तेच आधी काढून टाकावे लागतात. जाड, लाल निदलपुंज उघडून चिमट्यानं दाटीवाटीनं बसलेले पुंकेसर खुडायचे. मधल्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. आत एखादा परागकोश फुटला, तर त्या कळीचा भरवसा संपला. मग कळीवर कागदी पिशवी. योग्य वेळी दुसऱ्या झाडाचे पिवळे पराग ब्रशनं लावायचे, पुन्हा पिशवी, आणि देठाला आईबापांच्या नावांची चिठ्ठी.

पुढचं सगळं वाट पाहणं. फळ पिकायला पाच-सहा महिने, बीपासून वाढलेल्या रोपाला फळ धरायला आणखी दोन-तीन वर्षं. एकाच फळातल्या शेकडो बियांची रोपं एकमेकांसारखी निघत नाहीत, त्यामुळे बहुतेक शेवटी उपटावीच लागतात. जे टिकतं, त्याची गुटी बांधून तेच गुण पुढे नेतात.

सोलापूरजवळच्या केगावात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथून २०१७ साली आलेल्या 'सोलापूर लाल' या संकरित वाणाची वंशावळ वाचण्यासारखी आहे. आधी गणेश आणि नाना यांचा संकर, त्यावर दारू, आणि त्याचा पुन्हा भगवा या बाजारातल्या लाडक्या जातीशी संकर.

गणेश ही मऊ बियांची जात डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंडीत निवडली. दारू हे हिमालयाच्या उतारांवरचं रानडाळिंब. त्याचे आंबट दाणे वाळवले की अनारदाणा. आणि नाना? कुंडीत लावायचं बुटकं, शोभेचं झुडूप! पानं बारीक, फुलं भरपूर, फळं इवलीशी. बाजारात ज्याला कुणी विचारणार नाही, अशा झाडाला खाण्याच्या डाळिंबाच्या घराण्यात घेणं ही या वंशावळीतली सर्वांत धाडसाची निवड. गोड, मोठ्या फळांच्या जाती निवडताना मागे पडलेले गुण अशाच झाडांत सापडतात. पण त्यांच्याबरोबर आंबटपणा आणि लहान फळही येतं, म्हणून शेवटी भगवा लागतो.

'सोलापूर लाल'च्या १०० ग्रॅममध्ये लोह ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम असतं. गणेशमध्ये ते तीनच्या आसपास. जस्त आणि क जीवनसत्त्वही जास्त. त्याच वंशावळीतून 'सोलापूर अनारदाणा' हा आंबट वाणही निघाला, तो वाळवण्यासाठी.

बाजारात राज्य मात्र अजून भगव्याचंच आहे. त्याचा रंग, जाड साल, दूरच्या प्रवासाला टिकणं यांमुळे व्यापारी तोच मागतो. पण तो तेल्या रोगाला बळी पडतो: पानांवर तेलकट डाग, मग फळ तडकतं, आणि पावसाच्या एका फेऱ्यात बाग हातची जाते. तेल्याला तोंड देईल आणि तरी भगव्यासारखं दिसेल, असं झाड शोधण्यासाठी अजूनही कळ्या उघडाव्या लागतात.